पत्नीला सांगायचे की कंडोमवर भागवायचे?

प्रश्न

माझे वय ३४ आहे आणि मी कल्याणला राहतो. चार वर्षे मी गर्द सुईने घेत होतो. गेले सात महिने मी रोज सकाळी व्यसनमुक्तीच्या केंद्रावर जाऊन ब्युप्रेनॉर्फिनची (गर्दऐवजी देतात ते औषध) गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती पूर्ण विरघळल्याचे नर्सताईंना तोंड उघडून दाखवतो. तिथेच रक्ततपासणी झाली, एचआयव्ही असल्याचे कळले आणि पाच महिन्यांपासून एआरटी (एचआयव्हीची औषधे) सुरू आहे. हे पत्नीला मी अजून सांगितलेले नाही. गोळ्यांची बाटली खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबून ठेवतो.

धाकटी मुलगी अडीच वर्षांची असून तिच्या जन्मानंतर पत्नीचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आहे. त्यामुळे मी कंडोम आणला तेव्हा तिने सरळ विचारले, "ऑपरेशन झाल्यावर हे कशाला?" लघवीच्या जागी जंतुसंसर्ग आहे अशी थाप मी मारली, पण ती किती दिवस पुरणार? कंडोम नियमित वापरला तर न सांगता चालेल का, आणि केंद्रातील लोक माझ्या परस्पर तिला कळवू शकतात का?

उत्तर १ (समुपदेशक)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुधा तीच भीती मोठी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही माहिती सहसा कोणालाही देता येत नाही. जोडीदाराच्या बाबतीत कलम ९ मध्ये अपवाद आहे, परंतु तो केवळ डॉक्टर किंवा समुपदेशकापुरता आहे. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका आहे, समुपदेशन करूनही तुम्ही सांगणार नाही अशी त्यांची खात्री झाली आहे आणि आपण सांगणार असल्याची पूर्वकल्पना त्यांनी तुम्हाला दिली आहे, एवढे सगळे झाल्यावरच ते तिला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशन करून सांगू शकतात. शेजारी, सासरे किंवा केंद्रातला एखादा कर्मचारी यात बसत नाही.

कलम १० मात्र तुमच्यावरही जबाबदारी टाकते. लागण दुसऱ्याला होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणे तुम्हाला बंधनकारक आहे, आणि त्यात धोका कमी करणारे उपाय किंवा आधी सांगणे असे दोन्ही मार्ग नमूद आहेत. त्यामुळे "कंडोम वापरतो, म्हणून सांगत नाही" हा युक्तिवाद कागदावर उभा राहील. तुमच्या घरात तो उभा राहणार नाही. कंडोम उद्याचा धोका टाळतो. चार वर्षे सुई सुरू असताना जे संबंध कंडोमशिवाय आले, त्यांचे उत्तर केवळ पत्नीच्या रक्ततपासणीतून मिळेल, आणि का ते न सांगता तिला तपासणीला नेणे ही दुसरी फसवणूक ठरेल.

आणखी एक गोष्ट. नियमित औषधाने विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. परंतु तुमची पहिली व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) तपासणी सहाव्या महिन्यात होईल, म्हणजे आज तुमच्या हाती अहवाल नाही. शिवाय हा दिलासा सुईच्या बाबतीत गृहीत धरू नये.

उत्तर २

मी स्वतः नऊ वर्षे सुईवर होतो, म्हणून लिहितो. आमच्या अड्ड्यावर "मला आहे, माझी सुई घेऊ नकोस" असे मी सहज सांगत असे, कारण तिथे कोणाची अब्रू जात नव्हती. घरी मात्र जीभ रेटत नसे. (सुई वेगळी ठेवूनही आम्ही गर्द विरघळवायचे पाणी आणि गाळायचा कापूस एकच वापरत होतो, त्यातून मला हेपटायटिस सी (यकृताचा संसर्ग) झाला, तेव्हा तीही तपासणी करून घ्या.) नशेत असताना संबंधांची इच्छाच मरून गेलेली असते, गोळी सुरू झाल्यावर ती परत येते आणि घरच्यांना वाटते, माणूस सुधारला. खरी जोखीम याच महिन्यांत असते, आणि नेमके याच महिन्यांत ते सुधारलेले रूप मोडायला नको म्हणून आपण गप्प बसतो.

उत्तर ३

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या पतीचे औषधाचे कार्ड मला धुवायच्या पँटच्या खिशात सापडले. रोगाचा धक्का मी पचवला. सात महिने तो माझ्या हातचे जेवत होता आणि बोलला नाही, हे अजून पचलेले नाही. त्यात सासूबाईंनी "हिनेच आणला असेल" असे चारचौघांत म्हटले. माझा अहवाल निगेटिव्ह आला, तरी ते वाक्य मिटले नाही. म्हणून घरी, सासरच्या माणसांसमोर सांगू नका. केंद्रात दोघे जा, तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि मग तिला समुपदेशकाबरोबर एकटीला बसू द्या. तुमच्यासमोर तिला विचारता येणार नाही असे बरेच असेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. येत्या गुरुवारी दोघांची वेळ घेतली आहे. सुईबद्दल तिला ठाऊक आहे, त्यामुळे निदान तिथून सुरुवात करता येईल. धाकटीचीही तपासणी त्याच दिवशी करावी का?

उत्तर १ (समुपदेशक)

आधी पत्नीची होऊ द्या. तिचा अहवाल निगेटिव्ह आला, तर मुलीला आईकडून लागण होण्याचा प्रश्नच उरत नाही. पत्नीची तपासणी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. पॉझिटिव्ह आला, तर मुलांची तपासणी लगेच करू. औषधे सर्वांना मोफतच मिळतात. गुरुवारपूर्वी बोलावेसे वाटले, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.