'मोबाइल डीजे' मराठीत कसा आणावा?

आडवाट:
मंडळी, एका अनुवादात अडकलोय. इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरगुती आठवणी आहेत, काळ १९७० नंतरचा. व्हॅनमध्ये दोन टर्नटेबलं, अ‍ॅम्प्लिफायर, रंगीत दिवे आणि खोकी भरून रेकॉर्डी घालायच्या. लग्नं, क्लबांचे हॉल, कारखान्यांच्या नाताळ पार्ट्या करत हिंडायचं. ते स्वतःला 'मोबाइल डीजे' म्हणवतात. मी तसंच ठेवलं तर संपादकबाईंनी समासात लिहिलं, "फोनवर गाणी लावणारा का?" नुसतं 'डीजे' ठेवावं तर आपल्या वाचकाला मिरवणुकीतली स्पीकरची भिंत दिसते, माणूस दिसतच नाही. 'फिरता डीजे' म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलेला डीजे. त्या काळी आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणत?

खडूस आजोबा:
स्पीकरवाला. झालं उत्तर.

माणदेशी:
आजोबा, स्पीकरवाला तुमच्या शहरात. आमच्याकडे रेकॉर्डवाला. लग्न ठरलं की आधी आचारी, मग रेकॉर्डवाला, भटजी त्यानंतर. वस्तीवर वीज नसायची, म्हणून सायकलच्या कॅरिअरला १२ व्होल्टची बॅटरी बांधून आणायचा. दोन कर्णे कडुलिंबावर चढवायचे, एक आमच्या गावाकडे तोंड करून आणि दुसरा नवरदेवाच्या गावाकडे, कारण लग्न आहे हे तिकडेही कळायला हवं ना! सकाळी सनई, मग भक्तिगीतं, अक्षता पडल्या की सिनेमाची गाणी. हा क्रम कुणी चुकवला तर म्हातारी माणसं मांडवातून उठून यायची.

आणि आहेरही तोच पुकारायचा. "मुलीच्या मामांकडून टोपी-उपरणं, रोख ११ रुपये!" शेतात खुरपणाऱ्या बायकांनाही कळायचं कुणी किती सोडले ते. त्यामुळे गाणी लावणं हे त्याचं अर्धंच काम. आडवाटराव, तुमचे साहेब माईकवर बोलायचे का?

आडवाट:
बोलायचे, भरपूर बोलायचे. दोन गाण्यांच्या मधे वधूवरांची नावं, फर्माईशी, गाडी दारातून हलवा, सगळं. म्हणजे माणूस तोच आहे, नाव तेवढं हवंय.

शुद्धमती:
'रेकॉर्डवाला', 'स्पीकरवाला' ही शब्दांची खिचडी अनुवादात का आणायची? 'ध्वनिमुद्रिका' हा रुळलेला शब्द आहे, 'ध्वनिक्षेपक' तर आजही पोलीस परवान्यावर असतो. 'फिरता ध्वनिमुद्रिकाकार' का नको?

खडूस आजोबा:
कारण वरातीत कुणी "ओ ध्वनिमुद्रिकाकार, ती नाचायची लावा" म्हणत नाही.

दोन शून्य:
ताई, ध्वनिमुद्रिकाकार म्हणजे ध्वनिमुद्रिका तयार करणारा होईल, वाजवणारा नाही. शब्दशःच जायचं तर डीजे म्हणजे डिस्क जॉकी; डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे घोडेस्वार, तेव्हा 'तबकडीस्वार' घ्या. (स्मायली कल्पावी.) आणि तबकडी तरी कुठे सोवळी आहे? मूळ तबक, अरबीतून फारसीमार्गे आलेलं. ताट, तबक, तबकडी. उडती तबकडीसुद्धा त्याच घरातली.

शुद्धमती:
चारशे वर्षांपूर्वी आलेला शब्द आणि काल आलेला शब्द यांत फरक करायचा की नाही?

दोन शून्य:
रेकॉर्ड कालचा नाही. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या तेव्हापासूनचा आहे, आणि मराठीने त्याला लिंगही वाटून दिलंय. 'रेकॉर्ड लावली', 'रेकॉर्ड घासली' ही स्त्रीलिंगी. क्रिकेटमध्ये 'रेकॉर्ड मोडला', तो पुल्लिंगी. तलाठ्याकडचं 'रेकॉर्ड सापडत नाही', ते नपुंसकलिंगी. एकाच परक्या शब्दाची तिन्ही लिंगं आणि तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा. इतका घरचा झालेला शब्द हाकलणार कसा?

पाचवी गल्ली:
वा! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. अनेकवचनही बघा: आमची आई 'रेकॉर्डी' म्हणायची, मी 'रेकॉर्ड्स' म्हणतो, मुलगी 'व्हायनल' म्हणते आणि माझ्या लग्नाच्या खर्चाएवढे पैसे देऊन जुनी रेकॉर्ड विकत आणते.

मूळ प्रश्नाबद्दल: गिरणगावात आम्ही 'लाउडस्पीकरवाला' म्हणायचो, आणि कर्णा नाही, 'भोंगा'. गिरणीचा भोंगा आणि गणपतीचा भोंगा एकच शब्द. 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड १९७५ नंतर निघाली, तेव्हा गाणी बाजूला राहून गब्बरच वाजायचा. अख्ख्या चाळीला संवाद पाठ होते.

संपादक मंडळ:
भोंग्याचा विषय वाजवण्याच्या यंत्रापुरताच ठेवावा. राजकारण आल्यास प्रतिसाद उडवले जातील.

माणदेशी:
भोंगा वेगळा, कर्णा वेगळा. भोंगा नुसता 'भों' करतो, म्हणून भोंगा. कर्ण्यातून शब्द कळतो. कानापर्यंत पोचवतो म्हणून कर्णा. कर्ण म्हणजे कान, सरळ आहे.

दोन शून्य:
सरळ दिसतंय म्हणूनच संशय घ्या. कर्णा हे लाउडस्पीकरच्या कितीतरी आधीपासून वाद्याचं नाव आहे. शिंगं, कर्णे, नगारे असं जुन्या मराठीत बरोबरीने येतं. फारसीत 'कर्नाय', लांबलचक धातूची तुतारी; उझबेकिस्तान-ताजिकिस्तानात लग्नात आजही वाजते. शेवटचं 'नाय' म्हणजे पोकळ नळी, शहनाईतलं तेच. कानाचा संबंध आपण नंतर जोडला.

माणदेशी:
लग्नातच वाजते म्हणता ना? मग माझ्या रेकॉर्डवाल्याने योग्य नाव उचललं होतं! पण कान काही मी सोडणार नाही.

शुद्धमती:
संस्कृत कर्ण इतकं स्पष्ट असताना उझबेकिस्तानपर्यंत जायची हौस का, हे मला कळत नाही.

दोन शून्य:
ताई, कान संस्कृतमधून आला आणि कर्णा फारसीतून, एवढंच म्हणतोय. दोघे शेजारी राहिले म्हणून भाऊ होत नाहीत.

आडवाट:
कर्ण्याचं फार छान चाललंय, पण मला परवा प्रकरण द्यायचंय. तूर्त 'रेकॉर्डवाला' धरतो. अडचण एकच: हे साहेब गाणं निवडतात. नाचणारे थकले की संथ, हॉल रिकामा व्हायला लागला की दणदणीत. आपला रेकॉर्डवाला निवड करायचा, की सांगितलेलं लावायचा?

खडूस आजोबा:
सांगितलेलं लावायचा. भाड्याने सामान देणारा माणूस तो. निवड नवरदेवाच्या मित्रांची.

माणदेशी:
साफ चूक. त्याच्याकडे जेवढ्या रेकॉर्डी तेवढीच गावाची आवड. प्रल्हाद शिंदे त्याच्या पेटीत होते म्हणून आम्हाला पाठ झाले. दादा कोंडक्यांच्या सिनेमांची गाणीही आम्ही आधी झाडावरून ऐकली, टुरिंग टॉकीज नंतर आली.

पाचवी गल्ली:
शहरात निवड करणारा वेगळाच होता: ऑर्केस्ट्रा. आणि हाही शब्द बघा. तिकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिनांचा ताफा, आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे कार्यक्रम. 'काल ऑर्केस्ट्रा बघितला.' रफीचा आवाज काढणारा एक, किशोरचा एक, लताची गाणारी एक, अकॉर्डियन, बोंगो, मधे मिमिक्री. मधे बोलणारा निवेदक हाच तुमच्या साहेबांचा खरा भाऊ. 'फिरता निवेदक' चालेल का?

आडवाट:
निवेदक म्हटला की सूट आणि शायरी. साहेब व्हॅन स्वतः चालवतात, वायरी स्वतः गुंडाळतात.

दोन शून्य:
मला यात दुसरीच गोष्ट दिसते. 'वाला' होता तोवर शब्दात माणूस होता. नंतर सामान माणसाला गिळतं. बँजो घ्या. मुंबईत 'बँजो आला' म्हणजे अख्खा ताफा आला. त्यातलं वाद्यही बँजो नाही, बटणांचं बुलबुलतरंग आहे. त्याचं मूळ जपानात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोत. डीजेचं तेच. इंग्रजीत तो माणूस. आपल्याकडे 'डीजे लावला', 'डीजे जप्त केला', 'डीजेमुळे काचा हादरल्या'. माणसाला सांगायचं तर 'डीजेवाला' म्हणावं लागतं, म्हणजे फिरून 'वाला' आलाच.

शुद्धमती:
हे पटलं. मग 'डीजेवाला' लिहा, निदान माणूस तरी दिसेल.

खडूस आजोबा:
सत्तरच्या दशकात डीजेवाला? कर्ण्यातून ठेका फारसा यायचाच नाही. ढोलकी टकटक वाजायची, गाणाऱ्याचा आवाज मात्र मैलभर जायचा. डीजेचं उलटं, शब्द कळत नाही आणि छातीत धडधड. दोन्हीला एक नाव देऊ नका.

माणदेशी:
आजोबांशी पहिल्यांदाच सहमत. आणि कर्ण्याचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा भाग, उडालं की तेवढंही नाही. नवरी पाठवणीला उभी आणि कर्णा नुसता खरखर करतोय, मग रेकॉर्डवाला झाडावर आणि खाली वऱ्हाड शिव्या देतंय. 'युनिट उडालं' हे आमच्यात आजही माणसाबद्दल म्हणतात.

पाचवी गल्ली:
आमच्यात 'पिन अडकली' म्हणतात, तेच तेच बोलणाऱ्याला.

शुद्धमती:
पण मी पुन्हा विचारते, ध्वनिक्षेपक शब्दात नेमकी अडचण काय आहे?

खडूस आजोबा:
बघा, अडकली पिन.

शुद्धमती:
सुई म्हणा.

माणदेशी:
ताई, सुई चावीच्या ग्रामोफोनला. विजेच्या प्लेअरला पिनच.