जॉन स्नो अजून बर्फातच! तोवर काय वाचावं?

मधली_सुट्टी
२०११ च्या जुलैत जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पाचवा खंड, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', आला. हजारावर पानं. पहाटे साडेतीनला शेवटाजवळ पोचले, तर जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकून बर्फात पाडलेलं. सहावा खंड आलाच नाही, त्यामुळे तो अजून तिथेच पडलाय. (टीव्हीवर पुढे काय झालं ते मलाही माहितीय. ते मी धरत नाही.) तेव्हा माझी भाची बालवाडीत होती. आता ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझ्याकडेच राहते.

तर ठरवलंय, ह्यापुढे अपुऱ्या मालिकेला हात लावायचा नाही. शेवटचा खंड दुकानात दिसला की मगच पहिला विकत घ्यायचा. अशा पुऱ्या झालेल्या फॅन्टसी सुचवा. ड्रॅगन नसले तरी चालेल, राजकारण हवं, आणि माणसं अशी हवीत की एखादं मेलं तर मला दोन घास कमी जावेत. टॉल्किन आणि हॅरी पॉटर झालेत.

घुबड
सुचवतो, पण आधी भांडतो. सगळेच म्हणाले आम्ही शेवटच्या पंगतीला बसू, तर आचारी चूल तरी पेटवेल का? पहिला खंड खपला नाही तर प्रकाशक तिसऱ्यात पैसे घालत नाही. मार्टिनचा पहिला खंड १९९६ चा. तेव्हाच्या वाचकांनी तुमचा नियम पाळला असता तर २०११ मध्ये पहाटे साडेतीनला तुम्ही शांत झोपलेल्या असता.

आणि लेखकाने तुमच्याकडून सहाव्या खंडाची आगाऊ रक्कम घेतलेली नाही. पाच खंडांचे पैसे दिलेत, पाच खंड मिळाले. हिशेब मिटला. लेखक नील गेमनने २००९ मध्ये अशाच एका वैतागलेल्या वाचकाला सुनावलं होतं की मार्टिन तुमचा वेठबिगार नाही. भाषा जरा जास्तच तिखट होती, मुद्दा बरोबर होता.

आता मुद्दाम एक अपुरीच मालिका सुचवतो. स्कॉट लिंचचं 'द लाइज ऑफ लॉक लमोरा', २००६. व्हेनिससारखं कालव्यांचं शहर आणि सरदारांना गंडवणारी भामट्यांची टोळी. सात खंडांचा बेत होता, तिसरा २०१३ मध्ये आला, चौथ्याचा पत्ता नाही. तरी वाचाच. पहिला खंड स्वतःच्या पायावर उभा आहे.

मधली_सुट्टी
हिशेब कसला मिटला? मी पुस्तक मागत नाही हो, खरी तारीख मागतेय. २००५ मध्ये चौथा खंड आला तेव्हा गोष्ट इतकी फुगली होती की जॉन, टिरियन, डनेरिस ही मुख्य माणसंच पुढच्या खंडात ढकलावी लागली. मागे टीप होती, तो पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. आला सहा वर्षांनी. २०१६ च्या जानेवारीत ब्लॉगवर कबुली, सहाव्या खंडाची वर्षअखेरची मुदत हुकली. २०१९ मध्ये गंमतीत लिहिलं, २०२० च्या वर्ल्डकॉनला, म्हणजे फॅन्टसीवाल्यांच्या संमेलनाला, न्यूझीलंडला येईन तेव्हा पुस्तक हातात नसेल तर मला व्हाइट आयलंडवर कोंडून घाला. त्याच डिसेंबरात त्या बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी संमेलनच कोविडमुळे ऑनलाइन भरलं. ह्यात त्याचा काही दोष नाही. पण मी कॅलेंडरवर किती वेळा गोल करायचा?

अर्धा_कटिंग
मार्टिनवाल्यांनो, तुमचं दुःख सुखाचं आहे. आमच्या लेखकाकडे, पॅट्रिक रॉथफसकडे बघा. क्वोथ नावाचा गाजलेला माणूस नाव बदलून आडगावात खानावळ चालवतोय आणि आपली कहाणी तीन दिवसांत सांगतो म्हणतो. एक दिवस, एक पुस्तक. पहिला दिवस २००७ मध्ये, दुसरा २०११ मध्ये. तिसरा दिवस उजाडलाच नाही! मधे दोन छोटी पुस्तकं आली, ती म्हणजे जेवणाऐवजी मुखवास.

घुबडराव, तुमच्या 'हिशेब मिटला'ला माझं उत्तर: २०२१ च्या डिसेंबरात त्याच्या देणगी मोहिमेत अमुक रक्कम जमली तर तिसऱ्या पुस्तकातलं एक प्रकरण देतो असं कबूल केलं होतं. रक्कम जमली. पैसे चांगल्या कामाला गेले ह्याबद्दल तक्रार नाही, पण लोकांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. हा मात्र सरळ शब्द दिल्याचा मामला आहे.

घुबड
शब्द दिला तर पाळावा, इथे मी तुमच्या बाजूला. पण पुस्तक काढणं हा स्वतःच शब्द असतो, हे मला मान्य नाही.

पानगळ
भांडण चालू द्या, मी धाग्याचं काम करते. रॉबिन हॉब. १९९५ ते २०१७, सोळा पुस्तकं, गोष्ट संपलेली. सगळी नको असतील तर फक्त पहिली तीन घ्या, 'असॅसिन्स अप्रेंटिस'पासून.

सुरुवात एवढीच: सहा वर्षांच्या पोराला त्याचा आजोबा दारावरच्या शिपायाच्या हवाली करून निघून जातो, हा तुमच्या युवराजाचा, आता तुम्हीच पोसा म्हणून. पोराला नावही नाही. त्या रात्री तो तबेल्यात एका कुत्रीला बिलगून झोपतो. पुढे त्याला गुपचूप मारेकरी म्हणून तयार करतात. जादू आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. जनावरांशी मनाने बोलता येणं हे त्या राज्यात लाजिरवाणं समजलं जातं, आणि ह्या पोराला नेमकं तेच येतं. राजघराण्यात मुलांना गुणांची नावं ठेवतात, शिव्हलरी, व्हेरिटी, पेशन्स. आपल्याकडे धैर्यशील आणि सत्यशील असतात तसं. आणि आपल्यासारखंच, नावाचा आणि माणसाचा संबंध असेलच असं नाही.

दोन घास कमी जायला हवेत म्हणालात ना? लांडगा आला की ताट बाजूला ठेवा.

बेरकी_बोका
हॉब म्हणजे सोळा खंडांचं रडगाणं. त्या पोराला, फिट्झला, मार पडतो, फिट्झ गप्प बसतो, पुन्हा मार पडतो. तिसऱ्या पुस्तकात तो नुसता चालत असतो. मी अर्ध्यात सोडलं.

टेरी प्रॅचेट घ्या. डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या, प्रत्येक आपापली पुरी, कुठूनही उचला. 'गार्ड्स! गार्ड्स!'मध्ये ड्रॅगनही आहे आणि राजकारणही, शिवाय हसून पोट दुखतं. वाट बघायचा प्रश्नच नाही.

पानगळ
बोकोबा, अर्ध्यात सोडून निकाल देऊ नका. ते चालणं संपतं तिथे काय आहे हे तुम्हाला माहीतच नाही. मी सांगणारही नाही, बसा.

बेरकी_बोका
बसलोय. उशीत तोंड खुपसून रडणारा नायक मात्र नको.

आजोळ
आपण ज्या शब्दाने हा सगळा वाद घालतोय तो 'कादंबरी' शब्दच एका अपुऱ्या पुस्तकातून आलाय. बाणभट्टाची 'कादंबरी'. गोष्ट पोपट सांगतो, माणसं जन्म बदलतात, म्हणजे फॅन्टसीच की. बाण मधेच वारला आणि उरलेलं त्याच्या मुलाने पुरं केलं.

हिंदीत 'चंद्रकांता'वाल्या देवकीनंदन खत्रींचंही तेच. 'भूतनाथ' लिहिता लिहिता १९१३ मध्ये गेले, मुलाने, दुर्गाप्रसादांनी, पुढचे भाग लिहिले. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला तेव्हा 'व्हील ऑफ टाइम'चा शेवटचा खंड राहिला होता. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादकही, तिने तो पुरा करायला लेखक ब्रँडन सँडरसनला निवडलं. जॉर्डनच्या टिपणांतून त्या एका खंडाचे तीन झाले, शेवटचा २०१३ मध्ये आला. आता ती मालिकाही पुरी, चौदा खंड, धाग्याच्या नियमात बसते. (मधले दोनतीन खंड भयंकर रेंगाळतात. पात्रांचं वेणी ओढणं आणि झगे नीट करणं मोजत बसाल.)

प्रश्न मधली_सुट्टी ह्यांना. उद्या दुसऱ्या कोणी जॉन स्नोला उठवला तर चालेल का?

मधली_सुट्टी
नाही! अजिबात नाही. दुसऱ्याच्या हातचा नको.

घुबड
मग झालं की. तुम्हाला पुस्तक नकोय, तो माणूस हवाय. आणि तो स्वतःला माळी म्हणवतो, आराखडा काढून घर बांधणारा नाही. बी पेरतो आणि काय उगवतं ते बघतो. पाच खंड ज्या सवयीमुळे आवडले तिच्यामुळेच सहावा अडलाय. एक ठेवून दुसरं कसं मिळेल?

मधली_सुट्टी
हे जरा लागलं. तरी माळ्यानेसुद्धा कधीतरी पाणी घालायचं असतं.

अर्धा_कटिंग
+१. आणि माळ्याने दर वर्षी 'आंबे पुढच्या मोसमात' अशी पाटी लावू नये.

पानगळ
अर्सुला ल गिनची 'अर्थसी' मालिका बघा. पहिलं १९६८, तिसरं १९७२, आणि चौथं, 'तेहानू', थेट १९९० मध्ये. अठरा वर्षं! पण तिसरं मिटलं की ते मिटलेलंच असतं, पुढचं आलं नसतं तरी चाललं असतं. गोष्ट बकऱ्या राखणाऱ्या पोराची, जो फुशारकीपोटी एक काळी सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळतो. दोनशेच्या आसपास पानं. मार्टिन तेवढ्यात एका मेजवानीची पक्वान्नं सांगतो. माझा राग उशिरावर नाही, दारात पाय अडकवून ठेवण्यावर आहे. जॉन स्नोला भोसकायचं होतं तर पन्नास पानं आधी तरी भोसकायचं.

घुबड
ह्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कटिंग, तुमच्याकडे आहे का?

अर्धा_कटिंग
माझा पास. मी अजून त्या खानावळीत तिसऱ्या दिवसाची वाट बघतोय.

मधली_सुट्टी
अपडेट. हॉबचं पहिलं संपलं. बोकोबा, रडगाणं आहे खरं, पण सुरातलं आहे. दुसरं मागवलंय. अर्थसी एका रविवारी झालं, त्यावर अजून काही बोलवत नाहीये.

आणि एक घोटाळा झालाय. काल रात्री भाचीच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता, म्हणून डोकावले. कपाटातला मार्टिनचा पहिला खंड घेऊन बसली होती. माझा तोच, कणा फाटलेला आणि रबर बँड लावलेला. ब्रॅनला खिडकीतून ढकलल्याच्या पुढे गेली होती. मला म्हणाली, "मावशी, सगळे भाग आहेत ना आपल्याकडे?"

मी म्हटलं, आहेत.

घुबड
बरं केलंत. आम्हीही सांगणार नाही.