हुर्राक, माडी, जिन आणि बशीतलं काहीबाही: किनाऱ्यावरचे तुमचे अनुभव लिहा

आगळवेगळा (सावंतवाडी)

मार्च उजाडला की आमच्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात काजूच्या बागांतून बोंडूचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळाचा, आंबूस-गोड वास सुटतो आणि सीमेपलीकडे गोव्यात भाट्या पेटतात. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. मे संपला की यातल्या निम्म्या गोष्टी मिळायच्या नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. आपल्या किनाऱ्यावर जे काही गाळलं जातं, त्यात हुर्राक सगळ्यात वरचा. फेणीच्याही वर. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं, तेव्हापासून तिच्या बाटल्या देखण्या झाल्या. हुर्राकाच्या नशिबी अजून बहुतेक ठिकाणी पाण्याची जुनी बाटलीच. बोंडूच्या आंबलेल्या रसाच्या पहिल्या गाळपाचा माल, साधारण पंधरा टक्क्यांचा, फार टिकत नाही म्हणून लांब जात नाही. तो प्यायला आपणच उठून जावं लागतं, आणि मला तर निम्मी मजा त्यातच वाटते.

उंच ग्लास, भरपूर बर्फ, हुर्राक, वर साधा सोडा, अर्धं लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. लोक लिम्का ओततात. ओता बापडे, पण मग बोंडूची चव शोधायला कंदील घ्यावा लागतो. सोबत मिठातल्या कैरीच्या फोडी. तळलेलं काही नको, दुपारच्या उन्हात ते अंगावर येतं.

तर लिहा. जाहिरात नको आणि 'अमुक ठिकाणी गेलो, छान वाटलं' एवढ्यावर थांबणंही नको. काय प्यायलात, कशासोबत, का आवडलं किंवा का नाही. न पिणाऱ्यांनी बशीबद्दल लिहावं. त्यांच्याशिवाय हा धागा अर्धाच.

म्हादईकाठ

माझं आजोळ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं, त्यामुळे हुर्राक वर की फेणी, या वादात मी फेणीच्या बाजूने. पण आधी आगळवेगळा यांनी जे सांगायचं सोडलं ते सांगते.

फेणीचा बोंडू झाडावरून काढायचा नसतो. पिकून आपोआप खाली पडलेलाच वेचायचा. बी पिळून वेगळी करायची, बोंडू कोळंबीत टाकून पायांनी तुडवायचे. कोळंबी म्हणजे जांभ्या दगडात खोदलेली उथळ कुंडी. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून वर दगड ठेवला की जो स्वच्छ रस थेंब थेंब गळतो तो नीरो. तो पिण्यासाठीच, आणि तोही सकाळीच. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवतात. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक. हुर्राकात थोडा आंबलेला रस घालून पुन्हा गाळला की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वरची. मामा बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचा आणि नुसत्या त्यावरून मालाची ताकद सांगायचा.

फेणीचा वास सहन होत नाही म्हणणाऱ्यांना एकच विनंती. ती कोकाकोलात बुडवून मग तिला नावं ठेवू नका. गणपतीच्या सुमारास पपनस मिळतं. त्याच्या पाकळ्या सोलून हाताने कुस्करायच्या, चिमूटभर मीठ, थोडी फेणी, बर्फ, थोडं टॉनिक. पपनसाचा कडवटपणा आणि फेणीचा उग्र वास एकमेकांना असे धरतात की दोन्हींची तक्रार संपते. मुंबईहून आलेल्या माझ्या नणदेने हा ग्लास संपवून 'यात दारू होती का?' विचारलं. होती, वन्सं.

काजीतलो भूत

मेल्यांनू, गणपतीत पपनस घाला नायतर काय पण घाला, पण तेव्हा कोण 'हुर्राक आसा' म्हणान बाटली पुढे करता तर तेका विचारा, बाबा, बोंडू खयच्या झाडार पिकले? हुर्राक मे म्हयन्यात सरता, फार तर मिरग लागासर. मागसून इकतत ती पाणी घातलेली फेणी. वास तोच, पण पोटात गेल्यार कळता.

माझो हिशोब साधो. मिरग पडलो की हुर्राक बंद, कुळथाची पिठी नि भाजलेलो सुको बांगडो चालू. आणि एक, बाटली गाडयेत घालून बांद्याक येव नकात. परवानगी नसताना गोव्याची दारू हयसर आणल्यार गाडी अडकता. थंयच प्या, थंयच निजा, सकाळी येवा.

सायली_वसई

सगळी गाडी गोव्याकडेच चाललीय, म्हणून उत्तरेचं थोडं.

उत्तनला माझ्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मराठी ख्रिस्ती) मैत्रिणीच्या घरी लग्नाच्या आदल्या रात्री 'खिमाड' प्यायले. त्यांच्याकडे ते असं करतात: साखर पातेल्यात करपवून गडद करायची, त्यात पाणी, दालचिनी, लवंग, आलं, गवती चहा घालून उकळायचं आणि मग दारू. पूर्वी घरची असायची, आता रम. गरम गरम, छोट्या ग्लासात. पावसाळी सर्दीत याच्यापुढे काढा काय टिकणार! सोबत फुगे, म्हणजे मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे तळलेले हलके गोळे, आणि इंदेल, म्हणजे मांसाचा आंबट-तिखट रस्सा. फुग्याचं पीठ पूर्वी माडीने आंबवायचे. मैत्रिणीची आजी म्हणते, यीस्टने फुगतात, पण चव येत नाही. मी दोन्ही खाल्ले आहेत. आजी बरोबर आहे.

माडीबद्दलही सांगते, कारण शहरातले लोक संध्याकाळी माडी मागतात आणि मग नाक मुरडतात. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, छेदून मडकं लावतात, रात्रभर रस गळतो. मडक्याला आतून चुना लावला असेल तर आंबणं थोपतं आणि नीरा मिळते. नसेल तर सूर्य वर येईतो ती फेसाळायला लागते. नऊ-दहाच्या सुमाराची माडी म्हणजे गोडही आहे, हलकी चरचरीतही आहे. तीच संध्याकाळी व्हिनेगरची धाकटी बहीण होते. तरीही ती टाकू नका, इडलीच्या पिठात जाऊ द्या.

तिरफळ_आणि_टॉनिक (रत्नागिरी)

माझा छंद घरच्या घरी कॉकटेल बनवण्याचा. बायको याला 'प्रयोगशाळा' म्हणते, आई 'थेरं'.

गेल्या काही वर्षांत गोव्यात बऱ्या जिन बनायला लागल्या. ग्रेटर दॅन २०१७ ची, स्ट्रेंजर अँड सन्स त्यानंतरची. परदेशी बाटलीला दुप्पट पैसे मोजायची गरज मला तरी वाटत नाही. जिन म्हणजे शेवटी जुनिपरचा वास असलेली, मसाल्यांनी सजवलेली दारू. मग आपले मसाले का नकोत, म्हणून मी तिरफळ घातलं. बांगड्याच्या आमटीतलं तेच तिरफळ. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ओलं मिळतं, एरवी सुकं. आतली काळी बी काढून टाकायची, ती कडू. नुसत्या सालीची पाच-सहा टरफलं जिनमध्ये तासभर ठेवून गाळून घ्यायची. जास्त वेळ ठेवलीत तर जीभ आणि ओठ इतके झिणझिणतात की पुढचं काही चाखता येत नाही. त्यात टॉनिक आणि लिंबाच्या सालीचा तुकडा. बस. तिरफळाच्या जिनसोबत तळलेले सौंदाळे मासे खा आणि मला कळवा.

दुसरी गोष्ट कोकमाची. किनाऱ्यावरच्या एका महागड्या बारमध्ये 'कोकम सिग्नेचर' नावाचं काहीतरी प्यायलो. अमृत कोकमाच्या सरबतात वोडका, वर पुदिन्याचं पान. लहान मुलाच्या वाढदिवसाला देतात तसं गोड! कोकमाचं कॉकटेल करायचं तर आगळ घ्या. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, त्यामुळे वरून मीठ घालायचं नाही, आणि साठ मिलिलिटर जिनला चहाचे दोन चमचे आगळ पुरे. थोडा साखरेचा पाक, बर्फासोबत जोरात हलवायचं, गाळायचं, वर सोडा. रंग तर काय दिसतो!

हापूसच्या कॉकटेलचा मात्र मला राग आहे. हापूस चिरून खायचा असतो. दारूत घालायचाच असेल तर पायरी घाला, किंवा रायवळ. कैरीची गोष्ट वेगळी. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यात वेलचीऐवजी भाजलेलं जिरं घालून पांढरी रम, हे आमच्याकडे एप्रिलभर चालतं.

मांडवीचा_नाखवा

@तिरफळ, सोलकढीत रम घातलीय का कधी? मित्र म्हणतो भन्नाट लागते.

आगळवेगळा

मधेच बोलतो. मित्र सोलकढी खूप चांगली करत असणार, रम कशातही खपते. नारळाच्या दुधात आधीच आगळाचा आंबटपणा, वरून दारू, थोडा वेळ ठेवलं की दूध फाटल्यासारखं होऊन वर तवंग येतो. लगेच प्यायचं तर ठीक. पण सोलकढीचं काम जेवण झाल्यावरचं. तिला तिथेच राहू दे. लसूण-मिरची घातलेल्या सोलकढीत रम तर नकोच नको.

म्हादईकाठ यांच्या पपनसाला मात्र मी मान देतो. भाद्रपदात करून बघणार.

सुकटराणी (मालवण)

मी पीत नाही. घरात पिणारे तिघे, आणि त्यांची बशी माझ्याकडे. त्यामुळे कशाबरोबर काय संपतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

बाजारातले खारे शेंगदाणे, ती तिखट डाळ, चिप्स हे सगळं आळशी माणसाचं काम. आमच्याकडे उन्हाळ्यात फणस फुटला की आठळ्या सुकवून राखेत किंवा वाळूत ठेवतात, पावसाळाभर पुरतात. चुलीच्या निखाऱ्यात भाजायच्या, साल काढायची, वर मीठ आणि किंचित खोबरेल. एवढंच. भाऊजी व्हिस्कीबरोबर आठळ्या खातात आणि म्हणतात काजूपेक्षा भारी. मलाही तसंच वाटतं, फक्त पावण्यांपुढे आम्ही काजूच ठेवतो.

दुसरं, किसमूर. सुकट म्हणजे सुका जवळा कोरडाच खमंग भाजायचा, हाताने थोडा चुरायचा. खोवलेलं ओलं खोबरं, बारीक कांदा, लाल तिखट, कोकमाचं आगळ किंवा चिंच, मीठ. अगदी वाढायच्या वेळीच कालवायचं, नाहीतर सुकट मऊ पडते आणि कुरकुर जाते. तिघांपैकी मोठे दीर फेणी पितात. त्यांना किसमूर लागतंच, फेणीच्या तीव्र वासासमोर दुसरा कुठलाही चकणा उभा राहत नाही असं त्यांचं म्हणणं.

मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर येतात तेव्हा बशीत उसळ नाही देत मी, ती जेवणात. सोलताना साल कापली की चीक हाताला लागतो आणि कातडी जळते. हाताला आधी खोबरेल चोपडायचं. गर सोलून, उकडून, फोडणीत मिरी आणि कढीपत्ता. बीअर असेल तर हे. आणि मोरीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या, मटणाची चौकशी करू नका. मोरी भातासाठी, पेल्यासाठी नाही.

माझ्या स्वतःच्या पेल्यात? बोंडूचं ताजं सरबत, मीठ घालून. घशाला जरा आवळतं, ते मला आवडतं.

रेवदंडा_पॅसेंजर

अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात तिकडे कुणी गेलं नाही का अजून? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगा पाल्याच्या वाफेवरच शिजतात आणि त्याचा ओव्यासारखा वास सगळ्याला लागतो.

तिथे कॉकटेल नेऊ नका. शेकोटीपाशी कोण बर्फ हलवत बसणार! जुनी साधी ओल्ड मंक, गरम पाणी, लिंबू. १९५४ पासून ती अशाच प्रसंगांसाठी बनतेय अशी माझी समजूत आहे.

पणजी_लोकल

दुकशिरीच्या फेणीबद्दल कुणीच लिहिलं नाही. दुकशिरी म्हणजे अनंतमूळ, एक सुगंधी मूळ, ते फेणीत मुरवतात. गोव्यातल्या घरांत पोट बिघडलं की औषध म्हणून चमचाभर देत आले आहेत. मी पेल्यात ओतून पितो, नुसती, बर्फसुद्धा न घालता. ज्यांना फेणी आवडत नाही त्यांना ही आवडते. फेणी आवडणारे मात्र नाक मुरडतात, 'हे काय, सरबत' म्हणून. मला दोन्हींचं पटतं.

एक_पेग_कमी

रंगाचा बेरंग करायचा नाही, पण 'ओळखीच्याकडची आहे' म्हणून लेबल नसलेली काहीही बाटली कुणी घेऊ नका. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल वासावरून कळत नाही आणि चवीवरूनही नाही. हुर्राक-फेणी घ्यायची तर परवाना असलेल्या भाटीवरची किंवा दुकानातली.

काजीतलो भूत

ह्या माका पटला. बुडबुड्यांनी ताकद कळता, विष नाय कळणा.

चिकूवाडी (बोर्डी)

पालघरचं शेवटचं टोक राहिलं, म्हणून लिहितो. डहाणू-घोलवडचा चिकू सगळ्यांना माहीत, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण बोर्डीत चिकूची वाइनही बनते, फ्रुझांटे नावाची, फेसाळती. मला वाटलं होतं गोडमिट्ट असेल. तशी नाही. चिकूची ती खरखरीत गोडी आंबवण्यात बरीचशी निघून जाते आणि मागे पिकल्या फळाचा वास तेवढा राहतो. चांगली गार करून प्यायची. शॅम्पेन समजून महागडं चीज वगैरे आणून ठेवू नका तिच्यापुढे. ताजे बोंबील वरवंट्याखाली दाबून पाणी काढायचं, हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवून कडक तळायचे. बोंबलाची ओली मऊ चव आणि वाइनचा फेस, इथे चीजचं काय काम?

@सुकटराणी ताई, आठळ्या वाळूत ठेवता तेव्हा आधी किती सुकवायच्या? आमच्याकडे दरवर्षी बुरशी धरते.

सुकटराणी (मालवण)

वरची पांढरी पातळ साल आपोआप सुटायला लागेपर्यंत. ऊन असेल तर चार दिवस पुरतात, ढगाळ असेल तर घाई करू नका. वाळू मात्र नदीची घ्या आणि ती आधी तव्यावर भाजून गार करा. समुद्राच्या वाळूला ओल सुटते.