हातानं केलेली भेटकार्डं आणि ती जपणारी माणसं : तुमचे अनुभव लिहा

कागदवेडी:
दिवाळीच्या आवराआवरीत जवळपास प्रत्येक घरात एक गठ्ठा असा निघतो जो दरवर्षी खाली काढला जातो, उघडून बघितला जातो, त्यात अर्धा तास जातो, आणि मग तो परत जागच्या जागी ठेवला जातो. आमच्याकडच्या गठ्ठ्यात विकतची कार्डं थोडी आणि हातानं केलेली जास्त आहेत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला केलेली, झाडाचं पान ठेवून टूथब्रश आणि कंगव्यानं रंग उडवलेली, भेंडीचे ठसे मारलेली, घोटीव कागदाची फुलं कापून चिकटवलेली. कुणीतरी आपल्यासाठी आख्खी दुपार मान खाली घालून बसलं होतं हे त्या कागदावर दिसतं म्हणून ते टाकवत नाही, असं माझं म्हणणं. मोबाईलवर शुभेच्छा मलाही येतात आणि त्या मनापासूनच असतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण हा धागा त्यासाठी नाही. तुमच्याकडे असं एखादं कार्ड आहे का? कुणी केलं, कशाचं केलं, कुठे ठेवलंय, की तुम्ही स्वतः करता? सविस्तर लिहा, घाई नाही.

सोनटक्का:
आमच्या मोठ्या आत्याची संक्रांतीची कार्डं! लग्नपत्रिका घरात आली की मुहूर्तापर्यंत ती फ्रीजवर आणि लग्न लागलं की आत्याच्या कात्रीखाली. पत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात कसा टाकायचा हा प्रश्न सगळ्याच घरांना पडतो, आत्या तो कडेकडेनं कापून काढायची आणि दिवाळीच्या कार्डांना वापरायची, उरलेल्या जाड कागदाचे सोनेरी काठ संक्रांतीला. कार्ड काळं, कारण संक्रांतीचा रंग तो. त्यावर पत्रिकेचा जरीसारखा काठ आणि मधे बटर पेपरची इवलीशी पिशवी, शिवणाच्या मशीनवर तीन बाजूंनी टीप मारलेली, त्यात घरच्या काटेरी हलव्याचे पाचसात दाणे घालून चौथी बाजू हातानं शिवायची. हलवा पण तीच करायची, मंद आचेवर परातीत खसखस घेऊन चमचा चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत बसायचं, बोटं भाजतात त्यात, पण घाई केली की काटा येत नाही. दिवाळीची कार्डं पाकीट न चिकटवता बुक पोस्टानं जायची, तिकीट कमी लागायचं, पण संक्रांतीची मात्र बंद पाकिटातून कारण हलवा सांडेल. काकांकडे, मामांकडे, सासरच्या लांबच्या नात्यात, ज्यांच्याशी बोलाचाली बंद होती त्यांच्याकडेसुद्धा कार्ड जायचंच, "तिळगूळ घ्या गोड बोला" लिहायचं आणि घरातच भांडणं ठेवायची हे तिला मान्य नव्हतं. माझ्याकडे एक आहे, पिशवी न फोडलेलं. हलव्याचे काटे बोथट झालेत आता, रंग अजून पांढरा आहे.

कला_सर:
मी निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा जिल्ह्यात नोकरी झाली. मुलांकडून सगळ्यात जास्त करून घेतलं असेल तर पिंपळपानाच्या जाळीचं कार्ड. पद्धत लिहितो, कुणाला करायचं असेल तर. पान जून घ्यायचं, कोवळं नाही, कोवळं कुजून सगळंच जातं. बादलीत पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवायचं, वास मारतो म्हणून मधेमधे पाणी बदलायचं. मग बोटानं दाबून बघायचं, वरचा हिरवा भाग बुळबुळीत होऊन सुटायला लागला की पान तळहातावर घेऊन नळाच्या बारीक धारेखाली मऊ ब्रशनं देठाकडून टोकाकडे झाडायचं. हिरवं सगळं वाहून जातं आणि शिरांची जाळी उरते. टिपकागदात घालून वजनाखाली वाळवायची. घाई असेल तर धुण्याचा सोडा घालून उकळतात, होतं तसंही, पण जाळी थोडी ठिसूळ निघते असं माझं निरीक्षण. चिकटवताना फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून देठाला आणि दोनचार शिरांनाच लावायचा, सगळीकडे फासला तर नक्षी भरून जाते. पार्श्वभूमी गडद हवी.

आणि एक, कार्डाची घडी. साधा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, कार्डाला २५० च्या आसपास हवा, आणि एवढ्या जाड कागदाला घडीची बाजू बघावी लागते. मिलच्या कागदात तंतू एका दिशेनं पडलेले असतात. कागद न दुमडता नुसता हलका वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा, ज्या बाजूनं सहज वाकेल ती घडी. उलट घातली की पाठीवर भेगा पडतात. घडीच्या रेषेवर आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं एक रेघ दाबून ओढायची. हे मी मुलांना पाचवीतच शिकवायचो. माझ्या घरी जी कार्डं आहेत ती त्यांचीच, काहींच्या मुलांची लग्नं झाली आता, पण शिक्षकदिनाला दिलेल्या कार्डावर "सर तुमी आमाला आवडता" असं लिहिलेलं आहे ते तसंच ठेवलंय, शुद्धलेखन मी नाही तपासलं त्यावर.

मोगरा_पुणे:
सर किती छान लिहिलंत. तो शेवटचा मुलगा आता कुठे असतो?

कला_सर:
ट्रॅक्टरचं गॅरेज आहे त्याचं. सणाला येतो घरी.

सांगलीकर:
२०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या वेळी आमच्या तळमजल्यावर पत्र्याची ट्रंक होती, माझ्या बायकोची, माहेरून आलेली, त्यात तिच्या तिन्ही भावांची भाऊबीजेची कार्डं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर वरपर्यंत चिखल. फर्निचर गेलं, फ्रीज गेला, त्याचं तिला काही नाही, ती ट्रंकेपाशी बसून राहिली. मग आम्ही दोघांनी ती कार्डं स्वच्छ पाण्याच्या परातीत एकेक सोडून चिखल काढला, एका एनजीओच्या मुलीनं सांगितलं होतं की उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि रंग उडतो, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, कागद बदलत राहा आणि पंखा लावा. लाईट आल्यावर पंखा लावला. एक गोष्ट तेव्हा कळली ती लिहितो कारण कुणाच्या उपयोगी पडेल. विकतची गुळगुळीत चकचकीत कार्डं वाळताना एकमेकांना अशी चिकटली की सुटेचनात, फाटलीच. आणि भावांनी शाळेतल्या ड्रॉइंग पेपरवर केलेली खरबरीत कार्डं एकेक सुटी झाली. बॉलपेननं लिहिलेलं सगळं वाचता येतं, शाईपेनचं धुऊन गेलं. धाकट्यानं शाईपेननं लिहिलं होतं. तो त्या भाऊबीजेला आला, त्याच कार्डावर त्याच जागी त्यानं परत लिहिलं, या वेळी बॉलपेननं. मजकूर त्याला पाठ होता!

सोनटक्का:
दादा, अंगावर काटा आला वाचून. वहिनींना नमस्कार सांगा.

फौजीघर:
बाबा सैन्यात होते. पत्त्यावर गावाचं नाव कधीच नसायचं, नंबर, हुद्दा, युनिट आणि "द्वारा ५६ ए.पी.ओ." म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस, बस्स. लहानपणी मला वाटायचं की ५६ एपीओ हे एक मोठं गाव आहे आणि सगळ्यांचे बाबा तिथेच राहतात. आई दर वाढदिवसाला माझा पंजा कार्डशीटवर ठेवून पेन्सिलीनं कड काढायची, मी तो रंगवायचे आणि तो पंजाच बाबांना कार्ड म्हणून जायचा, बोटांवर मजकूर, अंगठ्यावर आईसाठी राखलेली जागा. बाबांच्या काळ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून ते सगळे पंजे चिकटवलेले आहेत, लहानावर मोठा असे नाही, तर शेजारी शेजारी, त्यामुळे हात कसा वाढत गेला ते दिसतं. एकदा त्यांना सुट्टी मिळाली नाही त्या वर्षीच्या पंज्याच्या कडेला पेननं दुसरी, मोठी कड आहे, ती त्यांच्या स्वतःच्या हाताची. रिटायर झाल्यावर पंजे काढून अल्बमला लावू म्हटलं तर फाटायला लागले, म्हणून आख्खी ट्रंकच ठेवली. हॉलमध्ये आहे, वर गादी घालून बसतो आम्ही.

सहा_टिंबं:
माझी मैत्रीण जन्मापासून बघू शकत नाही. कॉलेजात असताना तिच्या वाढदिवसाला सगळे तिला कार्ड देऊन मग वाचून दाखवायचे, ते मला खटकायचं, कारण कार्ड एकट्यानं परत परत वाचायची गोष्ट आहे. मग तिच्याकडूनच ब्रेलची पाटी आणि टोच्या घेऊन शिकले. सहा टिंबांचं घर, आणि कागदाच्या मागून टोचायचं असल्यानं लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटवलं की डावीकडून वाचता येतं. मराठी ब्रेलमध्ये वेलांट्या-उकार अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी नसतात, व्यंजनानंतर ओळीतच येतात, "कि" लिहायचं तर क आणि पुढे इ. डोकं आधी चक्रावतं, नंतर हात बसतो. कार्डावर चित्र म्हणजे हाताला लागेल असं सगळं, खणाचा तुकडा, पॉलिश पेपरची वाळू, सुतळीची लाट, कापसाचा ढग आणि काड्यांची होडी. तिनं पहिल्यांदा बोटं फिरवली तेव्हा समुद्रापाशी थांबली आणि म्हणाली, हे हर्णैचं आहे ना, आपण गेलो होतो ते. हो, तेच होतं. ती कार्डं तिच्याकडे उभी ठेवलेली असतात, फाईलीसारखी, एकावर एक रचली तर टिंबं दबतात आणि अक्षर पुसट होतं. आता तीही मला करते, ब्रेलमध्येच. त्यामुळे मला बोटांनी वाचायचा सराव ठेवावाच लागतो.

तोक्योची_सून:
इथे जपानमध्ये नववर्षाची पोस्टकार्डं पाठवायची मोठी पद्धत आहे, नेन्गाजो म्हणतात. १५ ते २५ डिसेंबरमध्ये पोस्टात टाकलं की पोस्ट ती साठवून ठेवतं आणि बरोबर १ जानेवारीला सकाळी सगळी एकदम दारात. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर कार्ड पाठवत नाहीत, तसं कळवणारं वेगळं साधं कार्ड डिसेंबरच्या सुरुवातीला येतं, आपल्याकडे पहिला सण करत नाहीत त्याची आठवण झाली. आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी खोडरबर कोरून त्या सालच्या प्राण्याचा ठसा करायच्या, २०२४ ला ड्रॅगन होता, खवल्यांसकट, एवढ्याशा रबरात! मी त्यांना उलट वारली काढून पाठवते, गेरूच्या रंगावर पांढरं, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव त्यांनी नंतर स्वतः शोधून काढलं आणि मला दाखवलं. २०२५ च्या कार्डावर साप होता आणि खाली बारीक अक्षरात, वय झालं, हात थरथरतो, यंदापासून कार्ड पाठवणं थांबवते आहे, आजवरच्या स्नेहाबद्दल आभार. असं शेवटचं कार्ड पाठवायचीही इथे आता रीतच होत चालली आहे, त्यात पोस्टकार्डाचे दर २०२४ च्या ऑक्टोबरात ६३ येनवरून ८५ झाले. मी मात्र पाठवणं थांबवलेलं नाही. या जानेवारीत घोडा होता, वारलीत घोडा काढायला सोपा. आजींनी बोलावून तो ड्रॅगनचा ठसा माझ्या लेकीला दिला.

आजोळ:
आई गेल्यावर तिच्या कपाटात सगळ्यांची कार्डं निघाली, पुतण्या-भाच्यांची, शेजारच्या मुलांची, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीची. प्रत्येकाच्या मागे तिनं पेन्सिलीनं तारीख आणि कुणाच्या हाती आलं ते लिहिलेलं. आम्ही बहिणींनी ठरवलं की ही आपण ठेवून काय करणार, ज्यानं केलं त्याला देऊ या. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा जेवणं झाल्यावर एकेकाला त्याचं त्याचं पाकीट दिलं. माझा एक चुलतभाऊ, अबोल माणूस, त्याच्या पाकिटात त्यानं सहावीत केलेलं उघडलं की घर उभं राहतं असं कार्ड होतं, मागे आईनं लिहिलेलं "बाळ स्वतः सायकलवरून पाऊस असताना देऊन गेला." तो ते कितीतरी वेळ उघडत-मिटत होता. कुणी काही न मागता पुढच्या तासाभरात आईबद्दल जेवढं ऐकायला मिळालं तेवढं तेरा दिवसांत नव्हतं मिळालं. ज्यांना जमेल त्यांनी असं करून बघा, मनापासून सांगते.

मोगरा_पुणे:
सगळे अनुभव वाचले, डोळे भरून आले. एक व्यवहारी प्रश्न, माझ्या मुलीची कार्डं पिवळी पडायला लागलीत आणि एकाला कसर लागलीये. काय करू? लॅमिनेट करू का?

कला_सर:
लॅमिनेट नको, एकदा केलं की परत निघत नाही. कसर लागलेलं आधी वेगळं काढा, मऊ ब्रशनं झाडा. कसरीला खळ आवडते, त्यामुळे मैद्याच्या खळीनं चिकटवलेली कार्डं आधी बघा. डब्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कागदाला लागणार नाही अशी. सेलोटेप, रबरबँड, टाचण्या काढून टाका, हे तिन्ही डाग पाडतात. पिवळं पडणं हे कागदातल्या लाकडाच्या अंशामुळे, वर्तमानपत्र लवकर पिवळं पडतं ते त्याच कारणानं, त्यामुळे गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका. पुढची कार्डं सुती चिंध्यांच्या हातकागदावर करा, तो पुष्कळ टिकतो. तुम्ही पुण्यात आहात तर शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू झालेली, तिथे मिळेल. लेकीला बरोबर न्या, कागद तिला हातात घेऊन निवडू दे.

मोगरा_पुणे:
शनिवारी जातो आम्ही दोघी. पिंपळाची पानंही आणते येताना.