उत्तर कोरियाची गाईडेड टूर: पुतळ्यांसमोर वाकावंच लागतं का?

वाटसरू:
उत्तर कोरियाबद्दल सध्या खूप वाचतेय. तिथे टुरिस्टला एकट्याने फिरता येत नाही, सतत गाईड बरोबर, आणि दाखवतात काय तर स्मारकं आणि म्युझियम. प्योंगयांगला मान्सुदे टेकडीवर किम इल सुंग आणि किम जोंग इलचे पुतळे आहेत तिथे वाकावं लागतं म्हणे. मला हे अजिबात पटत नाही, ज्यांनी लोकांना इतकं दाबून ठेवलं त्यांच्यापुढे मान का झुकवायची? कोणी जाऊन आलंय का? नाही म्हटलं तर चालतं का?

खिडकीची_सीट:
मी २०१८ ला गेलो होतो, बीजिंगहून, ग्रुपबरोबर. सरळ सांगतो, वाकायचं नसेल तर जाऊ नका. पहिला पुतळा १९७२ चा, किम इल सुंगच्या साठाव्या वाढदिवसाचा, शेजारी मुलाचा २०१२ ला उभा केला, दोन्ही साधारण २० मीटर उंच. तिथे ओळीत उभं राहून सगळे एकदम वाकतात. आमच्यातल्या एकाने फोटो काढला त्यात पुतळ्याचे पाय कापले गेले, पूर्ण पुतळा फ्रेममध्ये हवा असा नियम आहे. गाईड बाई जवळ आल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या डिलीट करा प्लीज, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला अजून आठवतो. आपण चार दिवसांनी घरी जातो हो, त्यांना तिथेच राहायचंय. आपल्या तत्त्वाची किंमत त्या बाईंनी का भरायची?

कुमसुसान पॅलेसमध्ये तर दोघांचे मृतदेह काचेत ठेवलेत. कॅमेरा, फोन, खिशातलं सगळं बाहेर जमा, लांबच लांब सरकत्या पट्ट्यावरून नेतात, मग अंगावरची धूळ उडवायला हवेचे झोत, आणि आत पायाशी एकदा आणि दोन्ही बाजूंना एकेकदा वाकायचं, डोक्याकडे नाही. आतमध्ये कोणी बोलत नाही.

जुनी_डायरी:
वरच्याशी सहमत. मला कोरियन युद्धाचं म्युझियम जास्त लक्षात राहिलं. लष्करी गणवेशातली मुलगी माहिती देते, आणि युद्ध अमेरिकेने सुरू केलं असं ठामपणे सांगते. खरं तर २५ जून १९५० ला उत्तरेचं सैन्य दक्षिणेत घुसलं. वाद घालू नका, ऐकून घ्या, पण जाण्याआधी नीट वाचून जा नाहीतर तीन तास ऐकल्यावर आपल्यालाच शंका यायला लागते. बाहेर नदीत प्युएब्लो हे अमेरिकेचं जहाज ठेवलंय, जानेवारी १९६८ मध्ये पकडलेलं. त्यावरच्या ८२ जणांना ११ महिने कैदेत ठेवून सोडलं, जहाज मात्र दिलं नाही ते नाहीच.

जुचे म्हणजे किम इल सुंगची स्वावलंबनाची विचारसरणी, तिच्या नावाच्या जुचे टॉवरवर लिफ्टने वर जाता येतं, उंची १७० मीटर. त्यात २५,५५० दगड आहेत असं सांगतात, म्हणजे किम इल सुंगच्या ७० वर्षांचे दिवस, वर्षाचे ३६५ धरून. सगळीकडे असंच, आकडा कुठूनतरी त्या एका माणसाच्या वाढदिवसाशी जाऊन जुळतो.

वाटसरू:
गाईडचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी फक्त माझाच विचार करत होते. आता जाता येतं का पण?

खिडकीची_सीट:
जानेवारी २०२० ला कोरोनामुळे बंद केलं. २०२४ पासून रशियन ग्रुप जायला लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रासोन भागात पाश्चात्त्य टुरिस्ट घेतले आणि काही आठवड्यांतच परत बंद, त्यामुळे कोणालाही अ‍ॅडव्हान्स देताना जपून. आणि भिंतीवरचं, हॉटेलातलं काहीही उचलू नका, पोस्टर तर नाहीच. २०१६ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याला पोस्टर चोरल्याच्या आरोपावरून १५ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली, २०१७ ला कोमात परत पाठवला आणि काही दिवसांत तो गेला.

जुनी_डायरी:
मन तयार नसेल तर दक्षिण कोरियात पाजूला ओदुसान वेधशाळा आहे, तिथून नदीपलीकडची उत्तरेची गावं दुर्बिणीतून दिसतात. शेतात काम करणारी माणसं दिसली होती मला. बराच वेळ बघत उभी होते.