चेन चू : तुरुंगापासून मंत्रिपदापर्यंत
विरोधक सत्तेत गेले की जुनी तळमळ विसरतात, हे मत तैवानच्या लोकशाहीवादी नेत्या चेन चू यांना लागू करणे मला अन्यायाचे वाटते. १९७९ च्या काओशुंग प्रकरणात, म्हणजे काओशुंग शहरातील लोकशाहीवादी आंदोलन सरकारने दडपले त्या प्रकरणात, लष्करी न्यायालयाने त्यांना १२ वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांपैकी सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. २००० साली सत्तांतर होऊन त्या केंद्रात कामगार खात्याच्या प्रमुख झाल्या. मात्र २००५ मध्ये काओशुंग मेट्रोच्या कामावरील थाई मजुरांनी हलाखीच्या राहणीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनी पद सोडले, आणि हा राजीनामाच मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. ज्या शहरातील आंदोलनाने त्यांना तुरुंग दाखवला, त्याच शहराच्या त्या पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महापौर होत्या.