'पित्या' म्हणताना आवाज बसतो

प्रश्न
सलाम. मी नगरची, वय ३४. मी चार वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं, चेहरा मात्र आठवत नाही. रविवारी चर्चच्या उपासनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना माझा आवाज बसतो. मी देवाचं लेकरू आहे हे पाठ आहे, पण आत उतरत नाही. कुणाला असं झालंय का?

उत्तर १
ताई, बायबलमधलं योहान १:१२ सावकाश वाचा. तिथे देवाची मुलं होण्याचा 'अधिकार' दिला, असं आहे. भावना येईल तेव्हा येईल, हक्क आधीच दिलाय.

उत्तर २
मी स्वतः दत्तक मुलगा, म्हणून रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय माझ्या जवळचा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे दत्तकपणाबद्दल बोलतो, आणि देवाला 'अब्बा' म्हणण्याबद्दलही. रोमी कायद्यात दत्तकाला नव्या बापाचं नाव मिळे आणि वारसाही. मला सहाव्या वर्षी घरी आणलं. आईला 'आई' म्हणायला दीड वर्ष लागलं. तोवर माझा डबा तीच भरत होती, आणि रेशनकार्डावर माझं नाव चढलेलंही होतं.

उत्तर ३
'अब्बा' ही बापाला मारायची अरामी हाक आहे, येशूच्या बोलीतली. गेथशेमाने बागेत, स्वतःच्या अटकेच्या रात्री, येशूनेही तीच मारली (मार्क १४:३६). दुःखात मारलेली हाक आहे ती, ताई.

प्रश्नकर्ती
दादा, रेशनकार्डाचं वाचून खूप रडले. आज रात्री मोठ्याने 'अब्बा' म्हणून पाहते.